चौथी वडी

आमचे भावोजी तीस वर्षं उंदीर मारत होते आणि त्यापुढची चार वर्षं घुबडं जगवत होते. यातलं कोणतं काम जास्त आवडलं असं कोणी विचारलंच, तर म्हणत, "पहिल्यात पगार होता." बोलण्याच्या बाबतीत माणसाचा हात पहिल्यापासून आखडता.

मी त्यांची मेहुणी. त्यांची बायको ती माझी ताई. मी लग्न केलं नाही. का केलं नाही हे विचारून विचारून थकलेली माणसं आता म्हातारी झाली आहेत, तेव्हा तो विषय सोडा. ताई-भावोजींच्या दोन खोल्या पहिल्या मजल्यावर, त्यांना लागून माझी एक खोली, आणि खाली रस्त्याला तोंड करून माझं शिवणाचं दुकान. स्वयंपाक तिघांचा एकच. ताई होती तोवर थट्टामस्करीला तोटा नव्हता. म्हणजे थट्टा मी करायची, हसायचं ताईने, आणि भावोजींनी ताटातलं संपवून उठायचं.

गेल्या वर्षी ताई गेली. आठ दिवस दवाखान्यात होती, नवव्या दिवशी नव्हती. ती गेल्यावर चौथ्या दिवशी मी मशीनवर बसले, कारण शाळेच्या गणवेशांची मुदत आली होती. एकशे दहा खिसे शिवले. भावोजी पाचव्या दिवशी सायकल काढून गोदामाकडे गेले. आम्ही दोघंही रडलो नाही. लोक येत, आमच्या तोंडाकडे बघत आणि थोडे निराश होऊन परत जात. दात काढायच्या आधी डॉक्टर सुई टोचतात आणि मग गाल आपला राहत नाही, तसं माझं सगळं अंगच झालं होतं. कात्रीने बोट कापलं तरी रक्त कापडावर पडू नये एवढीच काळजी. भावोजींचं काय झालं होतं ते मला माहीत नाही. आम्ही एकमेकांना विचारलं नाही. ताटं तीन काढायची सवय मोडायला महिना गेला, तेवढंच काय ते.

आधी त्यांच्या कामाबद्दल सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही.

मालधक्क्याजवळ धान्याची सहा गोदामं आहेत. तिथे ते नोकरीला होते. हुद्दा कागदावर लांबलचक होता, लोक 'विषवाले' म्हणत. सकाळी पोत्यांच्या रांगांमागे गुलाबी वड्या ठेवायच्या, चारपाच दिवसांनी मेलेले उंदीर बादलीत गोळा करायचे. तीस वर्षं ते हेच करत होते, आणि उंदीर काही संपले नाहीत. रिटायर व्हायला सहा महिने उरले असताना एक बाई त्यांच्या टेबलाशी आल्या. शाळेत जीवशास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या, करड्या केसांच्या, हातात बुटांचं खोकं. त्यांनी काही समजावलं नाही. झाकण काढलं. आत गव्हाणी घुबड होतं, पांढऱ्या, पत्त्यातल्या बदामासारख्या चेहऱ्याचं, मेलेलं. अंगावर कुठे जखम नाही.

"हे तुमचे उंदीर खाऊन मेलं," बाई म्हणाल्या. "याची एक जोडी पिल्लं असताना वर्षाला हजारावर उंदीर खाते. तुम्ही एका वडीत ते हजार उंदीर वाचवलेत."

भावोजींनी ते खोकं दिवसभर टेबलावर ठेवलं. घरी आल्यावर ताईला एवढंच म्हणाले, "वजन काहीच नाही गं त्याला."

रिटायर झाल्यावर ते बाईंच्या गटात गेले. गट म्हणजे फार काही नाही. बाई, एक गुरांचे डॉक्टर, आणि एक वायरमन, ज्याच्याकडे लांब शिडी होती म्हणून सगळे त्याला शिडीवाला म्हणत. भावोजी चौथे. प्लायवूडच्या पेट्या करायच्या, पुढे घुबड जाईल एवढं भोक, मागे एक लहान दार, त्याला कुलूप, आत भुसा. गोदामांच्या आढ्याला, गिरणीच्या पाण्याच्या टाकीखाली, शेतांच्या कडेच्या खांबांवर अशा बावीस पेट्या त्यांनी लावल्या. मागच्या दारांच्या किल्ल्यांचा जुडगा भावोजींकडे असे. लोकांना घुबड म्हटलं की अंगावर काटा येतो. आमच्या शेजारणीने तर भावोजी जिन्यात दिसले की दार लावून घ्यायला सुरुवात केली. ताई म्हणायची, "बरं झालं. आधी साखर मागायला यायची."

घुबड उंदीर अख्खा गिळतं आणि न पचलेली हाडं-केस यांचा गोळा करून ओकतं. भावोजी पेट्यांखालून ते गोळे पिशवीत भरून आणत. रविवारी सकाळी गॅलरीत कोमट पाण्यात भिजत घालत, आणि ताई चिमट्याने त्यातले खालचे जबडे वेचून काळ्या कार्डावर चिकटवी. दोन जबडे म्हणजे एक उंदीर. तिचा हात बारीक कामाला चांगला होता. माझ्या दुकानातली काजं-बटणं दुपारी तीच करायची. मी म्हणायचे, "तुमच्या दोघांचा संसार उंदरांच्या जबड्यांवर चाललाय." गोदामाच्या मॅनेजरसमोर भावोजी भाषण करत नसत. ते कार्ड पुढे सरकवत. त्या कार्डांवरच गोदामात विष बंद झालं. दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. आणि उंदीर खरंच कमी झाले.

गटाचा एक नियम होता आणि तो भावोजींनीच सुचवलेला होता. ज्याच्या घरात विष सापडेल त्याने वर्षभर पेटीला हात लावायचा नाही. बाई म्हणाल्या होत्या, जरा कडक होतंय, भाऊ. हे म्हणाले, "तीस वर्षं मी लोकांच्या घरात बघितलंय. फडताळामागे सगळ्यांच्या असतं आणि तोंडाने सगळे नाही म्हणतात."

गंमत अशी की विषाचा एक डबा खुद्द त्यांच्याच माळ्यावर होता. नोकरीतला उरलेला, पत्र्याचा, घट्ट झाकणाचा. हे गटात सगळ्यांना माहीत होतं, कारण त्यांनीच सांगितलं होतं. "जाळलं तर धूर, पुरलं तर माती, पाण्यात टाकलं तर मासे. फेकायला जागाच नाही. म्हणून राखण करत बसलोय." झाकणाच्या आतल्या बाजूला माझ्या शिवणाच्या खडूने त्यांनी आकडा लिहिला होता, चाळीस. बंद डबा चालत होता. बंद डब्याने कोणी मरत नाही.

या वर्षी घुबडांच्या विणीच्या हंगामात माझ्या दुकानात उंदीर झाले. घुबड दुकानात येत नाही, हे गटातल्या कोणाच्या ध्यानात आलं नव्हतं. एका गिऱ्हाइकाचा कोट होता, अस्तर लावून तयार, उद्या न्यायला येणार. सकाळी बघते तर बाहीला मुठीएवढं भोक. मला राग आला असता तर बरं झालं असतं. रागही आला नाही. मी वर गेले, भावोजी बाहेर होते, स्टूल घेतलं, डबा काढला, तीन वड्या उचलल्या. एक जिन्याखाली, एक मागच्या बोळात पाण्याच्या पिंपाआड, एक दुकानाच्या शटरच्या कडेला. डबा होता तिथे ठेवला. हात साबणाने धुतले आणि नवीन अस्तर कापायला घेतलं. इतकं सोपं होतं. भावोजींना सांगायचं मनातही आलं नाही. ताई गेल्यापासून आमच्यात सांगण्यासारखं काही उरलंच नव्हतं.

त्यानंतर पंधरा दिवसांनी गोदामापाशी ट्रकची धडक बसून एक मादी मेली. तिच्या पेटीत तीन पिल्लं होती, दोन आठवड्यांची. बाप शिकार आणून टाकतो, पण एवढ्या लहान पिल्लांना फाडून भरवत नाही. दुसऱ्या एखाद्या पेटीत ठेवावीत, तर त्या वेळी कुठे नुसती अंडी होती आणि कुठे पिल्लं उडायला आलेली. बाईंनी वनखात्याच्या परवानगीचा कागद आणला आणि पिल्लं भावोजींकडे आली, फळांच्या करंडीत, आमच्या गॅलरीत. दिसायला भयंकर. कापसाचं बोचकं, त्याला चोच, आणि वास असा की कपडे वाळत घालायची सोय राहिली नाही.

भावोजी बदलले. बोलू लागले असं नाही, पण सकाळी स्वतःहून उठू लागले. आधी मी दार वाजवायचे तेव्हा उठायचे. कमरेला किल्ल्यांचा जुडगा, हातात चिमटा, तासातासाला करंडीपाशी. त्या तीन बोचक्यांसाठी हा माणूस जिवंत होता, हे मला दिसत होतं. बरं वाटायला हवं होतं. मी नुसती बघत होते.

आता पिल्लांना घालायला उंदीर हवेत. गटाचं म्हणणं असं की सहा महिने विष नाही अशाच जागेचे उंदीर घालायचे. गोदाम ती जागा. पण गोदामात घुबडांनी काम इतकं चोख केलं होतं की तीन पिंजऱ्यांत चार दिवसांत एक चिचुंदरी सापडली. शेवटी भावोजींनी पिंजरे आपल्याच इमारतीत लावले. जिन्यात आणि मागच्या बोळात.

"आपल्या घराइतकी खात्रीची जागा कुठली?" असं ते मला म्हणाले.

हे माझ्यासमोर म्हणाले. मी काज करत होते. मी मान डोलावली. तुम्ही म्हणाल, हिच्या डोक्यात प्रकाश कसा पडला नाही? पडला नाही. उंदराचं औषध खाल्लं की उंदीर तिथेच मरतो, असंच मला वाटायचं. पिंजऱ्यातले उंदीर तर चांगले उड्या मारत होते. जिवंत म्हणजे चांगला. त्या वडीला पाच-पाच दिवस लागतात, तोवर उंदीर हिंडतो-फिरतो आणि आतल्या आत त्याचं रक्त पातळ होत जातं, हे भावोजींनी तीस वर्षांत मला कधी सांगितलं नव्हतं, आणि मी कधी विचारलं नव्हतं. जेवताना कोण विचारतं?

घरचे उंदीर घालायला लागल्यापासून आठव्या दिवशी सकाळी एक पिल्लू मान टाकून पडलं होतं. दुपारी दुसरं गेलं. डॉक्टरांनी आमच्याच ओट्यावर, वर्तमानपत्र पसरून, ते उघडलं. पोटात सगळं रक्त. डॉक्टर काही बोलायच्या आत भावोजी म्हणाले, "के द्या. तिसऱ्याला. आत्ता." के जीवनसत्त्वाचं इंजेक्शन, त्या विषावरचा एकच उतारा. नोकरीत असताना त्यांच्या कपाटात कायम असायचं, कोणा मजुराच्या पोटात चुकून गेलं तर म्हणून. तीन आठवडे रोज द्यायचं, एक दिवस चुकवायचा नाही.

डॉक्टर गेल्यावर त्यांनी माळ्यावरून डबा काढला. मी माझ्या दारातून बघत होते. ते स्टुलावर बसले, डबा मांडीवर घेतला आणि वड्या मोजल्या. एकदा, मग परत एकदा. झाकण लावलं. माझ्याकडे बघितलं नाही. मला वाटलं आता विचारतील. मी उत्तरही तयार ठेवलं होतं, 'नाही' म्हणून. त्यांनी विचारलंच नाही.

रविवारी गोदामाच्या कॅन्टीनमध्ये गट जमला. तिसऱ्या पिल्लाची करंडी धरायला मी सोबत गेले होते. बाईंनी नोंदवही काढली. काय झालं, कुठे झालं, विष कोणाचं.

"लिहा," भावोजी म्हणाले. "माझ्या घरातला डबा. चार वड्या कमी. जबाबदार, मी."

"तुम्ही टाकल्यात?" बाईंनी चष्म्यावरून बघत विचारलं.

"घरातल्या आहेत, एवढं पुरे."

"कुठे टाकल्यात ते तरी?"

"शोधतोय."

आता सांगा, स्वतः टाकणारा माणूस शोधतो कशाला? बाईंच्याही ते लक्षात आलं असणार. त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी करंडीत बघितलं. भावोजींनी कमरेचा जुडगा सोडला आणि टेबलावर ठेवला. बाईंनी तो शिडीवाल्याला दिला. शिडीवाला बिचारा हातात कोणीतरी निखारा ठेवल्यासारखा उभा राहिला. नियम ज्याने सुचवला त्यालाच लागू झाला. पिल्लू पेटीत जाईपर्यंत त्याची औषधं तेवढी भावोजींनी द्यायची, असं ठरलं, कारण दुसरं कोणी रोज सकाळी सातला येणार नव्हतं.

ते एकवीस दिवस मी विसरणार नाही, आणि त्यात घडलं काहीच नाही. सकाळी सात वाजता मी जाड कापडाचे मोजे घालायचे, माझेच शिवलेले, आणि पिल्लू पंखांसकट छातीशी धरायचे. ते जिभेने टकटक आवाज करायचं. भावोजी सुई भरायचे, मांडीत टोचायचे, कापूस दाबायचे, भिंतीवरच्या कागदावर खूण करायचे. "झालं." बस. मग चहा. खायला बाईंकडून पांढरे उंदीर यायचे, शाळेच्या प्रयोगशाळेतले. दिवसभर भावोजी घर साफ करत. कपाटं सरकवत, पिंप हलवत, गुडघ्यांवर बसून जिन्याखाली टॉर्च मारत. मला वाटलं, जुडगा गेला, आता हातांना चाळा हवा म्हणून चाललंय. आठव्या दिवशी मी गुपचूप माझ्या तिन्ही जागा बघून आले. तिथे काही नव्हतं. उंदरांनी नेलं, असं मी स्वतःला सांगितलं. खोटं सांगायला दुसरं माणूस लागतंच असं नाही.

पिल्लू मात्र वाढत होतं. पांढरी पिसं आली, चेहरा बदामी झाला. धरलं की त्याचं काळीज माझ्या तळहातावर भराभर वाजायचं. त्या घरात तेवढंच एक घाईत होतं.

एकविसाव्या दिवशी सकाळी मी ते धरलं आणि म्हणाले, "भावोजी, वड्या मी टाकल्या होत्या."

"पंख सुटतोय," ते म्हणाले. "नीट धर."

मी धरला. त्यांनी टोचलं, कापूस दाबला, खूण केली. मग सुई खाली ठेवली.

"किती?"

"तीन. जिन्याखाली, पिंपाआड, शटरपाशी."

"त्या तीन मला सापडल्या. पहिल्याच दोन दिवसांत."

"मग मला विचारलं का नाहीत?"

"तू नाही म्हणाली असतीस," ते म्हणाले. रागाने नाही, हवामान सांगावं तसं. "माणूस एकदा नाही म्हणाला की त्या नाहीलाच धरून बसतो. मग जागा कधी कळत नाही. मला जागा हवी होती. चौथी कुठाय?"

"चौथी नाही. मी तीनच घेतल्या."

त्यांनी डबा आणला. झाकणावर माझ्या खडूचा चाळीसचा आकडा. आत छत्तीस. वेगळ्या पिशवीत सापडलेल्या तीन, कुरतडलेल्या. मीही मोजल्या. एकोणचाळीस.

"मी नाही घेतली, तू नाही घेतलीस," भावोजी म्हणाले. या घरात डब्यापर्यंत हात पोचणारं तिसरं माणूस एकच होतं.

आम्ही खाली दुकानात गेलो. दुकानाच्या आत त्यांनी शोधलंच नव्हतं. दुकान माझं, तिथे ते कधी हात लावत नसत. मागच्या भिंतीशी ताईचं पायमशीन होतं. ती दुपारी तिथे बसायची. अकरा महिने त्यावरचं कापड आम्ही कोणी उचललं नव्हतं. मी झाडताना तेवढी जागा सोडून झाडायचे. भावोजींनी कापड उचललं, घडी केली, मशीन पुढे ओढलं.

मागे, भिंतीला चिकटून, बामच्या डबीचं झाकण होतं. त्यात गुलाबी वडी. एका कोपऱ्यावर दातांच्या खुणा, ताज्या. झाकणाखाली चिठ्ठी होती, माझ्या मापांच्या वहीतलं पान चौकोनी कापून, त्यावर ताईचं गोल-गोल अक्षर:

'धाकटे, उंदरांनी तुझं दुकान खाल्लं असतं म्हणून ठेवलीय. हात लावू नकोस. ह्यांना सांगू नकोस.'

भावोजींनी चष्मा वर केला, चिठ्ठी लांब धरली, जवळ घेतली.

"ह्यांना म्हणजे मला," ते म्हणाले.

"हो."

"रविवारी माझ्यासमोर बसून जबडे चिकटवायची. एकेक. गोंद बोटाला न लावता." त्यांचे खांदे हलायला लागले. मला वाटलं हसतायत. हसतच होते आधी. "आणि मला म्हणायची, अहो, तुमचं ते विष सुटलं हे फार बरं झालं."

मग ते ताईच्या स्टुलावर बसले आणि रडले. मोठ्याने, दुकानाचं शटर उघडं असताना, रस्त्यावरून माणसं जात असताना. मी पण रडले. ताई हवी होती मला. इतकं साधं होतं ते. कात्री, कोट, घुबड, सगळं बाजूला. मला माझी ताई हवी होती, तिने माझी बाजू घेऊन नवऱ्याला फसवायला हवं होतं, आणि दुपारी बटणं लावता लावता मला ते सांगायला हवं होतं. तिला सांगायला वेळ मिळाला नव्हता. एक गिऱ्हाईक पॅन्टची पिशवी घेऊन दारात आलं, आमच्याकडे बघितलं आणि पिशवी बाहेरच ठेवून गेलं.

"त्या पिल्लांना कोणती वडी लागली असेल?" बऱ्याच वेळाने मी विचारलं.

"ते आता कोणालाच सांगता यायचं नाही." त्यांनी वडी डब्यात टाकली. झाकण लावायच्या आधी सगळ्या परत मोजल्या, सवयीने.

त्याच संध्याकाळी, ऊन उतरताना, आम्ही तिसरं पिल्लू घेऊन गिरणीच्या टाकीपाशी गेलो. तिथल्या पेटीतल्या तेव्हाच्या अंड्यांतून आता तीन पिल्लं निघाली होती, याच्याहून थोडी लहान. घुबडाची मादी पिल्लं मोजत नाही. एक वाढलं तर त्यालाही भरवते. जुडगा शिडीवाल्याकडे होता, वर तोच चढला. भावोजींनी शिडी खालून धरली. शिडीला हात लावायला नियमाची आडकाठी नव्हती. शिडीवाल्याने मागचं दार उघडलं, पिशवीतून पिल्लू आत ठेवलं, दार लावलं. आतून चौघांची घरघर ऐकू आली, कोण आपलं आणि कोण पाहुणं ते कळलं नाही.

मी बाईंजवळ गेले. "बाई, वड्या मी टाकल्या होत्या. त्यांनी नाही."

"मला वाटलंच होतं," बाई म्हणाल्या. त्यांचा आवाज गोड नव्हता, कडूही नव्हता. "दोन पिल्लं गेली."

"हो."

"भाऊ, नोंद बदलायची का?"

"नको," भावोजी शिडी न सोडता म्हणाले. "घरातल्या म्हटलंय. घरातल्याच होत्या. वर्ष भरू दे."

बाईंनी वही उघडली, चष्मा लावला, बोटाने ओळ शोधली. त्या काही सोडणाऱ्यातल्या नव्हत्या. "यात चार लिहिल्यात. तुम्ही किती टाकल्यात?"

"तीन," मी म्हणाले.

"मग चौथी कोणी टाकली?"

मी भावोजींकडे बघितलं. शर्टाच्या खिशातून चिठ्ठीचा चौकोनी कोपरा दिसत होता. शिडीवाला उतरत होता, एकेक पायरी, आणि ते दोन्ही हातांनी शिडी घट्ट धरून वर बघत होते.

"चौथी सापडली," ते म्हणाले. "तेवढं लिहा. कोणी टाकली, ते मला कोणी सांगितलेलं नाही."